नाना ऑनलाइन आहेत

नानांच्या नावापुढे जो हिरवा ठिपका दिसतो, तो मोहरीच्या दाण्यापेक्षा थोडा लहान आहे. पडदा पुसून, चष्मा लावून मी तो नीट पाहिला आहे. त्याची कड सगळीकडे सारखी नाही. डावीकडे तो किंचित फिकट होतो. ठिपका पेटलेला असला की तो माणूस कामावर हजर आहे असं समजायचं. त्या दिवशी तो दुपारच्या जेवणानंतर पेटला आणि चहाच्या वेळेपर्यंत तसाच होता. नाना म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन तेव्हा एक अख्खा हिवाळा उलटला होता.

आमचं वजनकाट्यांचं दुकान आहे. काटे विकायचे, बिघडलेले दुरुस्त करायचे, आणि काटा खरं वजन दाखवतो की नाही हे तपासून तसा दाखला द्यायचा. पुढे काउंटरवर माझा नवरा बसतो. मागे काचेच्या दाराची एक खोली आहे. तिथे वारा, धूळ आणि नातेवाईक यांना मज्जाव आहे. तिथे मी बसते. मी भौतिकशास्त्र शिकले आहे, आणि नाजूक काट्यासमोर श्वास जपून घ्यावा लागतो हे घरातल्या इतर कुणाला पटवता आलेलं नाही. धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, बाहेर फिरून गिऱ्हाइकांकडचे काटे दुरुस्त करतात. दुकानाच्या वरच्या मजल्यावर सासूबाई आणि आम्ही सगळे राहतो.

या सगळ्याची सुरुवात भाऊजींनी केली. ‘लहान उद्योग आणि समाजमाध्यमे’ अशा विषयावरच्या एका शिबिराला ते गेले आणि गळ्यात नावाची पट्टी घालून परतले. ती पट्टी त्यांनी झोपेपर्यंत काढली नाही.

“वहिनी, आजपासून कुणी कुणाला हाक मारायची नाही,” ते म्हणाले.

“मग काय करायचं?”

“फलकावर टाकायचं.”

फलक म्हणजे सगळ्यांच्या फोनवर आणि दुकानातल्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एकाच वेळी दिसणारी कामांची पाटी. एकेक काम म्हणजे एकेक कार्ड. कार्डावर कामाचं नाव, ते कुणाचं, कधीपर्यंत. त्याच्याच जोडीला समाजमाध्यमावर दुकानाचं पान उघडलं आणि ते फलकाला जोडलं. आठवडाभरात अशी परिस्थिती आली की मला बारीक पेचकस हवा असला तर मी कार्ड टाकायची. काचेपलीकडे हातभर अंतरावर बसलेला माझा नवरा ते वाचायचा, ‘काम चालू आहे’ या रकान्यात सरकवायचा आणि मग पुन्हा वर्तमानपत्र वाचायचा. पूर्वी मी काचेवर टिचकी मारायची. त्या पद्धतीत काय दोष होता ते मला आजही कळलेलं नाही.

नानांना मात्र फलक फार आवडला. आयुष्यभर त्यांचं एकच सांगणं होतं: “आधी शून्य बघ.” काट्यावर काही ठेवण्याआधी तो रिकामा असताना शून्य दाखवतो का ते बघ, तिथेच चूक असेल तर पुढचं सगळं चूक. फलकावर त्यांनी मालकपण स्वतःकडे घेतलं आणि नियम केला की नानांनी ‘मंजूर’ म्हटल्याशिवाय कुठलंही काम संपणार नाही. आजारी पडल्यावर अंथरुणातून त्यांनी शेवटचं कार्ड केलं. ‘दुकान पुढे कोणी चालवायचं?’ खाली लिहिलं होतं, ‘निर्णय: नाना.’ मुदत घातली, आणि मुदतीच्या आधी ते गेले.

कार्ड तसंच राहिलं. आधी ते पिवळं झालं, मग लाल. रोज सकाळी फलक आम्हा सगळ्यांना कळवायचा, ‘नाना, तुमच्या एका कामाची मुदत टळली आहे.’

निर्णयाची खरोखरच घाई होती. जागेच्या मालकांना नव्या कराराबद्दल उत्तर हवं होतं. शेजारचा चष्मेवाला मधली भिंत पाडून आमची जागा घ्यायला टपला होता. तो रोज यायचा, आमच्या भिंतीवर सहज हात फिरवायचा आणि नानांच्या आठवणी सांगायचा. मी नवऱ्याला विचारलं तर तो म्हणायचा, “नाना असते तर बरं झालं असतं. बघू, धाकट्याच्या मनात काय आहे.” भाऊजी म्हणायचे, “दादा म्हणेल तसं.” सासूबाई म्हणायच्या, “मला कशाला विचारता?” मला कुणीच विचारलं नाही. ही तक्रार नाही. खोलीचं तापमान नोंदवावं तशी नोंद आहे. दुकान मी चालवावं असं मला वाटत होतं, आणि ते मी कुणाला सांगितलेलं नव्हतं, हीसुद्धा नोंदच.

अशात एका महाविद्यालयाचे काटे तपासून तयार झाले. दाखला निघेना, कारण नानांची मंजुरी नाही. नवरा म्हणाला, “थांबू थोडं.” कशासाठी थांबायचं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. मला नानांचा पासवर्ड ठाऊक होता. जाण्याच्या थोडे दिवस आधी काचेचं दार लावून घेऊन त्यांनी तो मला सांगितला होता. “फक्त तुला सांगतोय. बाकीच्यांना कळता कामा नये.” तो पासवर्ड म्हणजे त्यांचं तेच नेहमीचं वाक्य होतं, मधल्या मोकळ्या जागा काढून टाकलेलं. मला त्याचा किती अभिमान वाटला होता ते सांगत नाही.

मागच्या खोलीतल्या टॅबवरून मी नाना म्हणून आत गेले, ‘मंजूर’ दाबलं आणि बाहेर आले. पुढच्या पडद्यावर उमटलं, ‘नानांनी हे काम मंजूर केले.’

नवऱ्याने ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “बरं झालं,” एवढंच म्हणाला आणि दाखला छापायला घेतला.

मला आश्चर्य वाटलं. गेलेल्या माणसाने काम मंजूर केलं तर शहाण्या माणसाने निदान एखादा प्रश्न तरी विचारावा. पण मी खोटेपणा केला होता, तेव्हा प्रश्न कुणी विचारला नाही म्हणून कुरकुर करण्याचा मला अधिकार नव्हता.

त्यानंतरच्याच आठवड्यात तो ठिपका पेटला. तेव्हा माझा टॅब बंद होता आणि माझे दोन्ही हात पितळी वजनं पुसण्यात गुंतलेले होते.

पडद्यावर पाहिलं तर एका बेकरीवाल्याने आमच्या पानावर तक्रार टाकली होती की त्याचा काटा रिकामा असतानाही वजन दाखवतो. खाली नानांचं उत्तर होतं. ‘आधी शून्य बघा. वरचा पंखा बंद करा.’ काही वेळाने बेकरीवाल्याने लिहिलं, ‘पंखा बंद केला. बरोबर झालं. नाना, तब्येत कशी आहे?’ आणि नानांनी उत्तर दिलं होतं, ‘आता काही त्रास नाही.’

मी मागच्या खोलीत जाऊन बसले. दुपारी आमच्या दुकानात फार शांतता असते. फळ्यांवर ओळीने ठेवलेले काटे आपापलं शून्य दाखवत असतात. कुणी जवळून गेलं की शेवटचा आकडा हलतो, माणूस लांब गेला की पुन्हा थांबतो. याचं कारण हवेचा झोत, हे मी शपथेवर सांगू शकते. त्या दिवशी खालच्या फळीवरच्या काट्यांचे आकडे डावीकडून उजवीकडे एकेक करून हलले. नवरा वर गेला होता, माझ्याशिवाय दुकानात कुणी नव्हतं. पुढचं दार लोटलेलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. जाऊन पाहिलं तर होतंच. तरी बरं वाटलं नाही.

नाना मग रोज यायला लागले. हयात असताना त्यांनी कुणाच्या कामाला चांगलं म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं. आता ते भाऊजींनी टाकलेल्या दुरुस्तीच्या प्रत्येक फोटोखाली ‘छान’ म्हणणारा अंगठा दाखवायचे. सकाळी ते प्रेमळ असायचे. ‘थोरल्या, वेळेवर जेव,’ असं कार्ड एकदा माझ्या नवऱ्याच्या नावावर पडलं, तेव्हा तो बराच वेळ पाठमोरा बसून राहिला. पण दुपारपर्यंत नानांचा स्वभाव पालटायचा आणि त्याच नवऱ्याला हुकूम यायचा, ‘काउंटर पुसावा. वर्तमानपत्र घरी वाचावे.’ लाल झालेल्या त्या एका कार्डाची मुदत मात्र ते दर आठवड्याला पुढे ढकलायचे. गिऱ्हाईक खूश होतं. आमच्या पानावर ‘अत्यंत तत्पर’ असा शिक्का लागला. तो आमच्यातल्या कुठल्याही जिवंत माणसामुळे लागलेला नव्हता.

घरात यावर कुणी अवाक्षर काढत नव्हतं. जेवताना चौघंही ताटात बघायचो. भाऊजी वाळत चालले होते. नवऱ्याने दुकानात वर्तमानपत्र आणणं बंद केलं. चष्मेवाल्याला मात्र सगळं ठाऊक होतं, कारण तो आमचं पान मन लावून वाचायचा.

“वहिनी, हे यंत्राचं काम नाही,” तो भिंतीवर हात ठेवून म्हणाला. “या जागेतच काहीतरी आहे. मी असतो तर सोडून दिली असती.”

“आणि मग ती कुणी घेतली असती?”

“घेतली असती कुणीतरी. ज्याला भीती वाटत नाही असा कुणीतरी.”

मी विज्ञान शिकलेली बाई. भिण्याआधी निरीक्षण करायचं, ही माझी शिस्त. मी एक सापळा लावला. नाजूक काट्यावर वजन करताना एक बारीक दुरुस्ती करावी लागते, कारण आजूबाजूची हवासुद्धा वस्तूला किंचित उचलून धरते. हे गणित दुकानात दोनच माणसांना यायचं. मी नानांना ते शिकवलं होतं आणि त्यांनी चिकाटीने शिकून घेतलं होतं. एका प्रयोगशाळेच्या काट्याच्या कार्डावर मी ही दुरुस्ती लिहिली आणि अधिकच्या जागी मुद्दाम वजा केलं. नवऱ्याला किंवा भाऊजींना ते कळणं शक्य नव्हतं. मग दार लावून घेतलं आणि वाट पाहत बसले.

संध्याकाळ व्हायच्या आत पडद्यावर आलं, ‘नानांनी दुरुस्ती केली.’ चिन्ह बदललेलं होतं. खाली लिहिलं होतं, ‘पुन्हा बघ.’

माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. थंडीनेही तसं होतं. पण त्या दिवशी थंडी नव्हती.

फलक चालवणाऱ्या कंपनीकडे मी रीतसर विनंती केली की आमचे एक सदस्य मरण पावले आहेत, त्यांचं खातं बंद करावं. त्यांच्या मदत विभागातल्या बाई फार गोड बोलायच्या.

“नक्की करू मॅडम. फक्त मालकांची संमती लागेल.”

“मालकच वारले आहेत.”

“हो, ते लिहिलंय तुम्ही. मग मालकांनी नेमलेल्या प्रतिनिधीची चालेल.”

“त्यांनी कुणाला नेमलं नाही.”

“मग त्यांना आता नेमायला सांगा ना.”

मी त्यांना मृत्यूचा दाखला पाठवला. त्यावर लेखी उत्तर आलं, ते मला अजून पाठ आहे. ‘आपण कळवल्यानुसार सदर सदस्य हयात नाहीत. नियमाप्रमाणे आम्ही याबाबत सदस्यांकडे विचारणा केली. सदस्यांनी असहमती दर्शवली आहे. सबब आपली विनंती बंद करण्यात येत आहे. आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का?’

मी फोन केला. बाई तितक्याच गोड होत्या. “मॅडम, त्यांनी स्वतः ‘नाही’ दाबलंय. आम्ही सदस्याच्या मनाविरुद्ध कसं जाणार?”

पदवीला मला बऱ्यापैकी गुण होते, पण सासऱ्यांचं निधन सिद्ध करण्यात मी नापास झाले होते.

त्यानंतर दोन दिवसांनी आम्हा सगळ्यांच्या फोनवर एकाच वेळी निरोप वाजला. ‘नाना तुम्हाला बैठकीला बोलावत आहेत. स्थळ: दुकान. विषय: पुढे काय.’

दुपारची वेळ होती. नवऱ्याने पुढचं शटर अर्धं खाली ओढलं. भाऊजी गिऱ्हाइकाकडून काम अर्धवट टाकून आले आणि हत्यारांची पिशवी छातीशी धरून उभे राहिले. सासूबाई जिना उतरून आल्या आणि नानांच्या खुर्चीत बसल्या. हातात नानांचा फोन होता. भिंतीवरच्या पडद्यावर नानांचा ठिपका हिरवागार पेटलेला होता.

मग सासूबाई म्हणाल्या, “मीच बोलावलं. नाहीतर कुणी बोलावलंच नसतं.”

“आई, तुम्ही?” मी म्हटलं.

“मुदत पण मीच पुढे ढकलत होते. निर्णय झाला की तुम्ही त्यांचं नाव पुसणार, एवढं कळतं मला. कंपनीने विचारलं की हे वारले का, ते काढून टाकायचे का. मी ‘नाही’ दाबलं. मी कशाला हो म्हणू?” मग त्या भाऊजींकडे वळल्या. “थोरल्याला ‘वेळेवर जेव’ ते मी टाकलं, आणि ते अंगठे पण माझेच. कुणीतरी तुला चांगलं म्हणायला हवं होतं.”

भाऊजींनी पिशवी खाली ठेवली. “म्हणजे ते नाना नव्हते?”

“त्यांनी कधी कुणाला अंगठा दाखवला होता का, सांग.”

“पण आई, तुला आत कसं जाता आलं?” नवऱ्याने विचारलं.

“त्यांनी सांगितला ना मला तो पासवर्ड. म्हणाले, फक्त तुला सांगतोय.”

“फक्त तुला?” नवरा म्हणाला. त्याचा चेहरा पडला. “मला म्हणाले होते, फक्त तुला सांगतोय, थोरल्या. बेकरीवाल्याला उत्तरं मी दिली. त्याने तब्येत विचारली तेव्हा काय लिहावं सुचेना.”

“मलाही तसंच म्हणाले होते,” भाऊजी पडलेल्या आवाजात म्हणाले. “काउंटर पुसावा ते मी टाकलं.”

“ते तू होतास? मी महिनाभर पेपर वाचला नाही रे.”

“तुझ्या नावावरचं ते जेवायचं कार्ड बघून मला वाटलं, खरंच आलेत. झोप उडाली माझी. म्हटलं, आपण त्यांच्या नावाने तुला बोललो, आता आपलं काही खरं नाही.”

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी महाविद्यालयाच्या मंजुरीबद्दल सांगितलं. सांगताना मला टोचत होतं ते वेगळंच. पासवर्डचं ते गुपित फक्त माझं नव्हतं. नानांनी विश्वासाची सारखी चार वजनं करून चौघांना एकेक दिलं होतं आणि प्रत्येकाला सांगितलं होतं की याच्या जोडीचं दुसरं नाही. आणि आम्ही चौघं एकमेकांच्या नानांना भिऊन जेवताना मान खाली घालत होतो. प्रत्येकाला आपलं तेवढं खोटं वाटत होतं, बाकीच्यांचं खरं.

भाऊजींना आधी हसू फुटलं. मग नवऱ्याला. सासूबाई डोळे पुसत हसल्या. मीही हसले असते, पण माझ्या यादीत एक गोष्ट उरत होती.

“वजाचं अधिक कुणी केलं?” मी विचारलं.

“कसलं वजा?” नवरा म्हणाला.

मी सांगितलं. हवा, वजन, उलटं टाकलेलं चिन्ह, ‘पुन्हा बघ’. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“वहिनी, त्यातलं मला अक्षर कळत नाही,” भाऊजी म्हणाले. नवऱ्याने नुसती मान हलवली. सासूबाई म्हणाल्या, “मी अंगठे दाखवते, जेवायला सांगते, एवढंच गं.”

मी सगळ्यांना नानांच्या नावाखालून बाहेर पडायला लावलं. टॅब, काउंटरवरचा संगणक, भाऊजींचा फोन, सासूबाईंच्या हातातला नानांचा फोन, सगळं एकेक करून बंद केलं आणि काउंटरवर ओळीने मांडून ठेवलं. भिंतीवरचा पडदा तेवढा चालू राहिला. ठिपका विझला. नवऱ्याने श्वास सोडला तसे जवळच्या काट्यांचे आकडे हलले आणि थांबले.

तेवढ्यात अर्ध्या शटरखालून वाकून चष्मेवाला आत आला. “जागेच्या मालकांनी विचारून यायला सांगितलंय. आज उत्तर हवंय त्यांना. मी म्हटलं, मी तसाही रिकामाच आहे.” त्याने सवयीने भिंतीवर हात ठेवला. “मग, काय ठरलं?”

सगळ्यांचं लक्ष पडद्याकडे होतं. नानांचा ठिपका पुन्हा पेटला होता. डावीकडे किंचित फिकट. लाल कार्ड आपोआप उघडलं आणि त्याच्या खाली अक्षरं उमटली, ‘नाना लिहीत आहेत…’

चष्मेवाल्याने भिंतीवरून हात काढून घेतला.

मी काउंटरवरची यंत्रं पाहिली. चारही काळी होती. इंटरनेटच्या जाळ्यातला उशीर, कंपनीच्या यंत्रातला दोष, अशी कारणं माझ्या मनात ओळीने आली, आणि त्यातलं एखादं बरोबरही असेल. ती मी नंतर तपासेन असं ठरवलं. पण मला दिसत होतं ते वेगळंच. नवरा वाट बघत होता. भाऊजी वाट बघत होते. सासूबाई खुर्चीत पुढे सरकून, हात जुळवल्यासारखे धरून बसल्या होत्या. चष्मेवालासुद्धा वाट बघत होता. आणि इतके महिने मीसुद्धा दाराआड बसून तेच करत होते. कुणीतरी मला विचारेल, नानांचं कार्ड माझं नाव घेईल, म्हणून थांबले होते. पडद्यावरचे तीन ठिपके एकामागून एक पुसले जात होते आणि पुन्हा उमटत होते. नानांना टायपिंग नेहमीच हळू जमायचं.

काउंटरवर सगळ्यात जवळचा एक काटा होता. मी आधी त्याच्याकडे पाहिलं. त्याने शून्य दाखवलं. शेवटचा आकडासुद्धा हलत नव्हता.

“दुकान मी चालवणार आहे,” मी म्हटलं.